तांबड्याच्या खुरातला खिळा

आयुष्यात मी एकाच बैलाला नाल ठोकली. तीही एकाच खुराला, आणि खिळे दोनच. पहिला वाकडा गेला. दुसरा मात्र सरळ गेला, इतका सरळ की नख सोडून थेट आतल्या मांसात. पुढचं तांबड्याने केलं. मी डोळे उघडले तेव्हा उकिरड्यात उताणा पडलो होतो, हातात हातोडी होती, गळ्यात शिट्टी होती, आणि दोर धरायला आणलेले माझे दोन शूर साथीदार गोठ्याच्या भिंतीवर चढून बसले होते.

वडील दारात उभे होते. त्यांनी आधी बैलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झालं काय?" ते म्हणाले. "का दुसऱ्या पायाचंबी आजच उरकतं?"

आमच्या घरी दर पोळ्याला ही गोष्ट मुलं मला सांगायला लावतात. उकिरड्यापाशी आलो की हसतात आणि पुरणपोळीकडे वळतात. पण माझ्यासारखा माणूस, ज्याला साधा खुंटा सरळ ठोकता येत नाही, तो नाल ठोकायला का बसला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. ते आज लिहून ठेवतो.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीनचार वर्षं झाली असतील. अमडापूरच्या अलीकडे, बाजाराला बैलगाडीने जाऊन उन्हं उतरायच्या आत परत येता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. मी एकवीस वर्षांचा, मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा उठलेला. नवं राज्य झालं म्हणजे आता आपल्याला नोकरी लागणार, अशी माझी पक्की समजूत होती. राज्याची तशी काही समजूत नव्हती. घरात वडील मला "ए" म्हणत. लग्न होऊन तीन महिने झालेल्या बायकोला तर मला काय म्हणावं हेच अजून ठरवता आलं नव्हतं, त्यामुळे ती "ऐकलं काय" एवढंच म्हणून काम भागवायची.

अशात गावात एक दादा आले. दादा म्हणजे आम्ही म्हणायचो म्हणून. एका रिकाम्या माडीवर राहायचे, संध्याकाळी आखाड्यात पोरांना लाठी शिकवायचे. कुठून आले हे कोणाला नीट माहीत नव्हतं, पण बोलणं एकदम शुद्ध. त्यांच्या तोंडून 'मला', 'तुला' ऐकलं की आम्हाला आमच्याच 'मले-तुले'ची लाज वाटायची. आणि पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "आपण शिकलेले दिसता. आपल्याला नोकरी का मिळाली नाही?"

आपण! दोनदा नापास झालेल्या माणसाला कोणी 'आपण' म्हणालं की काय होतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. मला का मिळाली नाही हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं. मी गणितात कच्चा होतो. पण दादांनी गणिताचं नावही काढलं नाही. त्यांनी सांगितलं की माझा वाटा दुसऱ्याच कोणीतरी खाल्ला आहे. कोणी, ते पहिल्या आठवड्यात सांगितलं नाही. नुसतं ऐकून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात थोडं सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात मी स्वतःच दुसऱ्यांना सांगायला लागलो होतो, आणि तेही शुद्ध भाषेत.

मग आमचं 'दल' निघालं. बारा जण. गुप्त. शपथ नदीवरच्या देवळामागे झाली, तीही इतकी गुप्त की धुणं धुणाऱ्या बायांनी वर पाहून विचारलं, "काय हो, झाली काय शपथ? मंग जरा सरका, गोधड्या वाळत घालाच्या हायेत."

मी दलाचा प्रमुख झालो. दादांनी माझ्या गळ्यात एक चकचकीत शिट्टी घातली. ती शिट्टी मी जेवताना काढत नसे. आंघोळीला काढायचो, पण खिडकीत अशी ठेवायचो की रस्त्यावरून दिसावी.

आता शत्रू कोण? आमच्या गावात मुसलमानांची सात-आठ घरं. कोणी विणकर, कोणी शेती करणारे, आणि एक नालबंद चाचा. दादांनी बोट ठेवलं ते चाचांवर. कारण चाचांचं छप्पर गावाच्या मैदानाला लागून होतं, आणि आजूबाजूच्या पाच-सहा गावांत नालबंद ते एकटेच. "सगळ्या शेतकऱ्यांचे पाय एका माणसाच्या हातात!" दादा म्हणाले. ते पाय शेतकऱ्यांचे नसून बैलांचे आहेत, हे बारापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. त्या वयात मोठ्या आवाजात सांगितलेली गोष्ट मला खरी वाटायची, आणि ती मीच मोठ्या आवाजात सांगितली की आणखी खरी वाटायची.

आधी चाचांकडे पाहायचं नाही असं ठरलं. मग त्यांच्या सलामाला उत्तर द्यायचं नाही. मग त्यांच्याकडे बैल न्यायचा नाही. एकेक पायरी इतकी बुटकी होती की आपण चढतोय हे कळायचंच नाही. पाहायचं नाही हे मात्र मला फार जड गेलं. लहानपणी मी तासन् तास चाचांच्या छपराखाली बसलेला. ते बैलाला दोरात पाडत, चारी पाय बांधत, खूर तासत, आणि तोंडात खिळे धरून त्याच तोंडाने बैलाशी गप्पा मारत. आता मी मान वळवून जायचो तेव्हा मागून आवाज यायचा, "काऊन बे, मान अवघडली काय? तेल देऊ?"

पोळा जवळ आला. पोळ्याआधी नाल बदलायची आमच्याकडे पद्धत. दलाची बंदी, त्यामुळे लोकांची पंचाईत झाली. भांडण नको म्हणून काही जण लांबच्या वाटेने, डोंगराला वळसा घालून चाचांच्या मागच्या दाराने बैल न्यायचे. माझे वडील वळसा घालणाऱ्यांतले नव्हते. ते भर अंगणात म्हणाले, "तांबड्याची नाल घासून पत्रा झाली हाय. तुह्या दलाले नाल ठोकता येते काय? नाई? मंग मी नेतो चाचाकडं."

प्रमुखाचा बैल चाचांच्या दारात! मी म्हणालो, "त्यात काय आहे? मी ठोकतो."

पुढचं सांगितलंच आहे.

तांबडा तीन पायांवर उभा राहिला. संध्याकाळपर्यंत खूर सुजला. वडिलांनी मला शिवी दिली नाही, म्हणजे गोष्ट गंभीर होती. ते चारा टाकून नुसते बैलाशेजारी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोठ्यात होतो तेव्हा फाटकाशी ओळखीचा खोकला ऐकू आला. बायको पुढे होती. तिच्या मागे, गुडघ्यावर हात ठेवत, चाचा.

तीन महिन्यांची नवी नवरी कोणाला न विचारता डोक्यावर पदर घेऊन भर दुपारी गावातून गेली होती आणि प्रमुखाच्या शत्रूला घरी घेऊन आली होती. मी काय करावं? प्रमुखाने काय करावं याबद्दल दादांनी काही सांगितलेलं नव्हतं. मी गोठ्याच्या कोपऱ्यातल्या कडब्यामागे शिरलो. भाद्रपद तोंडावर आला होता, कडबा संपत आला होता. माझ्या गुडघ्यापर्यंत पुरेल एवढाच. बाकीचा मी वाकून पुरवला.

चाचा तांबड्यापाशी बसले. खूर मांडीवर घेतला.

"काऊन बे तांबड्या, हे कोनं केलं रे? लोहारानं? नाई. लोहाराले लोखंड समजते. सुतारानं? नाई, त्याले खिया समजते. हे कोन्या शिकलेल्या मानसाचं काम दिसते."

तांबड्याने फुस्स केलं.

"हो, तेच म्हनून राह्यलो." चाचांनी पकडीने खिळा काढला. काळं रक्त आलं. बायकोने हळद घालून कोमट केलेलं तेल पुढे केलं. "लहान होता तव्हा तुहा मालक माह्यापाशी येऊन बसे. जुनी नाल मांगे. एक दिली, तर घराच्या उंबऱ्याले ठोकतो म्हने. हाय काय रे अजून उंबऱ्याले?"

होती. सकाळ-संध्याकाळ मी ती ओलांडत होतो. चाचांवर बंदी घालायला निघालो त्या दिवशीही तिच्यावरूनच बाहेर पडलो होतो.

"बैलाचं बरं असते बघ," चाचा तेल सोडता सोडता म्हणाले. "दुखते तिथंच लंगडते. मानसाले दुखते एकीकडं अन् थो लंगडते भलतीकडंच. मंग खिया कुठं शोधावा?"

तेवढ्यात कडब्याचं कुसळ माझ्या नाकात गेलं आणि मी शिंकलो. दोनदा.

"अरे बापा," चाचा बायकोला म्हणाले, "सुनबाई, तांबड्याले सर्दीबी झाली. आलं दे बरं त्याले. अन् आठ दिवस कोरड्या, मऊ जागी बांधजो. पोळ्याले उभा राहीन."

ते गेले. मी बाहेर आलो. बायकोने माझ्या केसांतलं एक पान काढलं आणि आल्याचा काढा पुढे केला.

इथे खरं तर माणूस सुधारायला पाहिजे. मी सुधारलो नाही. उलट जास्त बिघडलो. ज्याचं आपण वाईट चिंतलं त्यानेच आपल्यावर उपकार केले, की त्याच्याकडे पाहणं आणखी अवघड होतं, आणि राग येतो तो त्याचाच. दादांना हे बरोबर माहीत होतं. ते म्हणाले, "त्याने बैल बरा केला तो आपलं गावात हसं करायला. आता आपण काय करणार?" मी म्हणालो, "सांगाल ते."

त्यांनी सांगितलं. पोळ्याच्या दिवशी सगळे बैल मैदानात तोरणाखाली उभे राहतात, झडत्या होतात, म्हणजे कोणीही पुढे येऊन चारदोन ओळी जोडून म्हणतो, कोणाची टर उडवतो आणि लोक महादेवाचा गजर करतात. मग तोरण तुटतं, बैल धावतात, धुरळा, आरडाओरडा. प्रमुखाने शेवटची झडती म्हणायची, चाचांवर, झणझणीत. गजर झाला की शिट्टी. शिट्टी ऐकली की छपरामागे थांबलेले दोघे राकेलात बुडवलेल्या चिंधीला काडी लावणार. धुरळ्यात कोणी काय केलं, कोणाला कळणार? पंधरा दिवस पावसाने उघडीप दिली होती. छपराचं गवत करकरीत वाळलं होतं.

"नुसता धाक," दादा म्हणाले. "आत कोणी नसेल."

आत कोण असतं हे मला माहीत होतं. पोळ्याला तोरणाखाली जायच्या आधी प्रत्येक जण आपली जोडी चाचांच्या छपरासमोर उभी करतो. चाचा बसल्या जागेवरून खूर पाहतात, मान हलवतात, नारळ घेतात. गुडघा गेल्यापासून त्यांना कोणी हात दिल्याशिवाय उठता येत नव्हतं. मी हे दादांना सांगायला तोंड उघडलं, आणि 'नुसता धाक' असं म्हणून मिटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

पोळ्याच्या सकाळी बायको पाट्यावर पुरण वाटत होती. मी तिला म्हणालो, "आज शिट्टी वाजली की मैदानात थांबू नको. घरी ये."

"काऊन?"

मी सांगितलं. सगळं नाही, पण तिला सगळं समजेल एवढं. तिचा हात पाट्यावर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"शिट्टी द्या इकडं," ती म्हणाली. "किती मळली हाय. पोळ्याच्या दिवशी बैल चकचकीत अन् तुम्ही असे? पुसून ठेवते."

तीन महिन्यांत ती माझ्याशी बोललेलं हे सगळ्यांत लांब वाक्य. मी कौतुकाने शिट्टी दिली. तासाभराने तिने लख्ख पुसून, नव्या लाल गोफात ओवून माझ्या गळ्यात घातली.

तिसऱ्या प्रहरी मैदान भरलं. शिंगांना रंग, पाठीवर झुली, घुंगरांचा असा आवाज की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. तांबडा थोडा लचकत होता, पण रुबाबात. वडिलांनी जोडी चाचांसमोर उभी केली. चाचांनी वाकून तांबड्याचा खूर पाहिला, आणि वडिलांना म्हणाले, "चालते. सर्दी कशी हाय?"

मी छपराकडे पाहिलं. मागच्या बाजूला दोन टोप्या हलत होत्या. पलीकडे, पाराच्या कठड्यावर, दादा हाताची घडी घालून उभे होते. ते कधीच हसायचे नाहीत, हे तोवर मला मोठेपणाचं लक्षण वाटत होतं.

झडत्या सुरू झाल्या. कोणी पाटलाच्या कंजूसपणावर म्हणाला, कोणी मास्तरच्या झोपेवर. ज्याची टर उडायची तोच मोठ्याने हसायचा. मग कोणीतरी ओरडलं, "परमुखाची होऊ द्या!" मी पुढे गेलो. चाचांवरची झडती मला पाठ होती. दादांनीच शुद्ध भाषेत लिहून दिली होती. मी तोंड उघडलं, समोर चाचा, मांडीवर नारळ, कानामागे हात धरून नीट ऐकायला पुढे वाकलेले. पोराची पहिली झडती ऐकायला कोणी काका वाकतो तसे.

ती पाठ केलेली झडती कुठे गेली मला माहीत नाही. तोंडातून बाहेर पडली ती आमच्या घरची भाषा होती.

"दलाचा मी परमुख, गय्यात माह्या शिट्टी,
बैलाच्या एका लाथीत तोंडात गेली मट्टी!
नाल ठोकली तांबड्याले, लंगडा झाला बैल,
मालक लपला कडब्यात, धोतर झालं सैल!
चाचानं काढला खिया तव्हा तांबडा उभा राह्यला,
असा परमुख बापहो, कोन्या गावानं पाह्यला?"

मग आधी वडील हसले. मी त्यांना असं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं, नंतरही फार नाही. आणि मग मैदान फुटलं. महादेवाचा गजर हसण्यात निम्मा बुडाला. चाचा मांडीवर थापा मारत ओरडत होते, "सर्दीचं राह्यलं बे! सर्दीचं सांग!" छपरामागच्या दोन टोप्या पुढे आल्या होत्या. ते दोघे पोट धरून हसत होते, एकाच्या हातात काडेपेटी तशीच.

दादा हात वर करून मला खुणावत होते. शिट्टी! शिट्टी!

मी शिट्टी गळ्यातून काढली. ती मी तांबड्याच्या घुंगरमाळेत बांधली. "आजपासून दलाचा परमुख हा," मी म्हणालो. "याले निदान कुठं दुखते ते समजते." जोडीचा दुसरा बैल मान वळवून लगेच शिट्टी चाटायला लागला, त्यावर लोक आणखी हसले. दादा काहीतरी ओरडले, पण शुद्ध भाषेतलं ते त्या हसण्यात कोणाला ऐकूच गेलं नाही. तोरण तुटलं, बैल निघाले. धुरळा बसला तेव्हा पारावर कोणी नव्हतं. दोनतीन दिवसांत माडीही रिकामी झाली. उरलेले अकरा जण पुढे भजनात, तालमीत, कोणी शेतीत, असे पांगले. त्यांच्यातलं वाईट कोणीच नव्हतं, आम्हाला फक्त कोणीतरी विचारायला हवं होतं.

दिवेलागणीच्या आधी आम्ही दोघं पुरणपोळीचं ताट घेऊन चाचांकडे गेलो. मी काय बोलावं ते जुळवत होतो. चाचांनी ते बोलूच दिलं नाही. त्यांनी बसल्या जागेखालून एक चिंधी काढली. राकेलाचा भपकारा आला.

"हे सकायपासून मांगं छपरात खोसलेलं होतं. नाकाले समजलं म्हनून एका पोराकडून काढून घेतलं."

मी ताट खाली ठेवलं. "सकाळपासून? आणि तुम्ही इथंच बसले?"

"मंग? पोळा हाय. खूर कोन पाहीन, तू?" असं म्हणून त्यांनी चिंधी हातोडीवर फिरवली. "गंज चांगला निंघते राकेलानं. आनखी असलं तर आनून देजो." मग बराच वेळ हातोडी पुसत राहिले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "उद्या येजो. खिया कसा धरतात ते दाखवतो. पुढच्या पोळ्याले तुह्याच हातानं ठोकजो."

मी गेलो. शिकलो मात्र नाही. पुढची बारा वर्षं, चाचा होते तोवर, मी दोर धरायचा आणि त्यांनी माझी टिंगल करायची, असं चाललं. माझ्यातला खिळा त्यातच कधीतरी निघाला असावा.

त्या संध्याकाळी परत येताना मात्र मी हवेत होतो. केवढं मोठं काम केलं आपण! एका माणसाच्या मनाने ऐन वेळी पालटावं, आणि एक छप्पर वाचावं! वाटेतल्या चिंचेपाशी न राहवून बायकोला विचारलं, "तुले काय वाटलं होतं? मी शिट्टी वाजवली असती?"

तिने रिकामं ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"भरवसा होता तुमचा," ती म्हणाली. "पन वाजली नसतीच ती. सकायीच पुरण भरलं होतं म्या तिच्यात, गच्च. थो बैल काय उगाच चाटत होता?"

आणि चार पावलं गेल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहत म्हणाली, "झडती बाकी झकास होती. वाया नाई गेली."